दुधाचा रकाना

आमच्या घरात दुधाला मालक एकच होता, तो म्हणजे छोटी. सकाळी दूधवाला भय्या दाराशी माप ओतायचा आणि आई आतून ओरडायची, "सुमन, छोटीचं दूध घे गं." मांजर खिडकीत दिसलं की "छोटीचं दूध झाक." उतू गेलं की "गेलं छोटीचं दूध, आता काय पिईल ती?" छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण प्रज्ञा. माझ्यात नि तिच्यात दहा वर्षांचं अंतर, मधली दोन राहिली नाहीत. त्यात तिला लहानपणापासून धाप. आमच्या गल्लीत कापसाची तूस हवेत इतकी असायची की वाळत घातलेल्या पातळावर पांढरी लव बसायची, तीच त्या पोरीच्या छातीत बसत होती. म्हणून डॉक्टरांनी दूध सांगितलेलं, आणि तेव्हापासून घरातलं दूध तिच्या नावावर पडलं. ही एवढीशी गोष्ट मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते या नावापायी झालं असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

आम्ही भिवंडीत निजामपुऱ्याच्या कडेला एका लांबट खोलीत राहायचो. पागडीची खोली, भाडं नावापुरतं. भिंतीपलीकडे लूमचा कारखाना. त्या खटाखटीचं आम्हाला काही वाटायचं नाही, उलट शुक्रवारी कारखाने बंद असले की कान भणभणायचे आणि आपण उगाच मोठ्यानं बोलतोय असं वाटायचं. अप्पा, म्हणजे माझे वडील, पालिकेच्या पाणीखात्यात होते. हातात लांब लोखंडी चावी घेऊन गल्लोगल्ली पाणी सोडायचं नि बंद करायचं, हे त्यांचं काम. आई कांड्या भरायला जायची. कांडी म्हणजे लूमच्या धोट्यात घालतात ती सुताची रीळ. घरी येताना तिच्या बोटांना सुताच्या रेघा पडलेल्या असायच्या. त्या रेघांच्या हातानं ती तांदळाच्या भाकऱ्या थापायची आणि बोलत राहायची. भाकरी थापताना बोलायची, वाल सोलताना बोलायची, झोपेतसुद्धा दोन शब्द बोलायची. अप्पा मुळात अबोल. आई होती तोवर ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण दोघांचं मिळून ती एकटीच बोलायची.

आई आठ दिवसांत गेली. कावीळ झाली होती आणि कळायला उशीर झाला. जलदानविधी झाला, पांढरे कपडे घालून लोक आले, गेले. मला रडू आलं नाही. शेजारच्या बायका म्हणाल्या, पोर मोठी घट्ट आहे. घट्ट कसली, मांडी घालून फार वेळ बसल्यावर पाय आपला नाहीसा होतो ना, टोचलं तरी कळत नाही, तसं माझं सगळं अंग झालं होतं. कुणी जेव म्हटलं की जेवायची, उठ म्हटलं की उठायची. सुकट भाजायला टाकली तर तिचा वास येत नव्हता. छोटी शाळेतून येऊन दप्तर ठेवायची आणि कोपऱ्यात बसून आमच्या दोघांच्या तोंडाकडं बघायची. हे मी आज लिहितेय. तेव्हा माझं तिच्याकडं लक्षच नव्हतं.

पहिल्याच महिन्यात वीस तारखेला तेल संपलं, बावीस तारखेला तांदूळ. पगार तोच होता, तोंडं एकानं कमी झालेली, तरी पैसे पुरेनात. आईचा हिशोब कुठं लिहिलेला नव्हता. कुठल्या डब्यात किती नोटा ठेवायच्या, वाण्याकडून काय अर्धं आणायचं, काय पुढच्या पगारावर ढकलायचं, हे सगळं तिच्या डोक्यात होतं, ते तिच्याबरोबर गेलं. तिच्या कांड्यांचे पैसेही गेले, ही गोष्ट तर आम्हाला दुसऱ्या महिन्यात सुचली, एवढे आम्ही भांबावलेलो. अप्पा भातावर मीठ घेऊन जेवले नि चावी उचलून पाणी सोडायला गेले.

मी तेव्हा बारावी होऊन धामणकर नाक्याला कॉम्प्युटर क्लासला जात होते. आईनंच घातलं होतं. सहा महिन्यांची फी तिनं आधीच भरून टाकली होती, म्हणून आई गेल्यावरही मी जात राहिले. दुसरं काही कारण नव्हतं. कापडदुकानाच्या वर माळ्यावर चार मशिनी, चपला बाहेर काढायच्या. काळा पडदा, त्यावर हिरवी अक्षरं. भिवंडीत थंडगार हवेची खोली मी तिथं पहिल्यांदा पाहिली. आमचे सर, इक्बाल सर, जेमतेम पंचवीस-सव्वीसचे. वडिलांचे लूम होते, पण यांना मशिनीचा नाद वेगळा. त्यांनी आम्हाला स्प्रेडशीट शिकवली ती त्यांच्या घरच्या कारखान्यावरून. वरच्या ओळीत कारागिरांची नावं, प्रत्येकाचा एक रकाना. खाली त्यानं किती ताके विणले, उचल किती घेतली, किती कापले, किती द्यायचे. शेवटी एकूण. एक आकडा बदलला की खालचे सगळे आपसूक बदलायचे. मला त्यात आनंद व्हायचा असं नाही म्हणणार. पण बाहेर असताना आपल्याला काहीच वाटत नाही याचं जे ओझं होतं, ते त्या तासाला नसायचं. आकड्यांनाही काही वाटत नाही. त्यांच्यात बसलं की आपण शोभून दिसतो.

तर मी काय केलं, कारागिरांची नावं पुसली नि आमची घातली. अप्पा, सुमन, छोटी. तीन रकाने. प्रत्येक खर्च कुणाच्या तरी नावाखाली गेलाच पाहिजे, कारण सरांच्या तक्त्यात तशीच सोय होती. धान्य-तेल तिघांत सारखं वाटलं. रॉकेल माझ्या नावावर, स्टोव्ह मी पेटवते म्हणून. सर मागे येऊन उभे राहिले.

"ये कौन-सा कारखाना है? तीन ही कारीगर?"

"सर, घर है."

"अच्छा, घर." ते जरा थांबले. "लाइट बिल किस के नाम पे डालोगी? कारखाने में तो मालिक का होता है."

"अप्पा के."

"और अब्बा पूछें, बत्ती में पढ़ता कौन है, तो?" असं म्हणून ते स्वतःच हसले नि पुढच्या मुलीकडं गेले. मी लाइट बिल अप्पांच्या रकान्यात घातलं. दूध छोटीच्या रकान्यात घातलं. त्यावर एक क्षणही विचार केला नाही. छोटीचं दूध छोटीच्या नावावर नाही तर कुणाच्या?

आता माझ्या मोबाईलमध्ये मुलानं खर्चाचं ॲप घालून दिलंय. दुकानात पैसे दिले की ते लगेच विचारतं, हे कशात टाकू? रंगीत चकती काढून दाखवतं, हिरवं म्हणजे खाणं, निळं म्हणजे औषधं. परवा मी मुलाला म्हटलं, "अरे, मी भाजी घेतली, त्यातली अर्धी शेजारच्या काकूंना दिली, त्या आजारी आहेत. ही भाजी खाण्यात टाकू की औषधात?" तो म्हणाला, "आई, टाक कुठं पण, कोण बघतंय?" पण कोणीतरी बघत असतं. म्हणून मी त्या ॲपमध्ये सगळं एकाच नावाखाली टाकते. चकती पूर्ण एकरंगी येते, मुलगा हसतो. हसू दे.

असो. तक्ता भरायचा तर रोजचा खर्च कळायला हवा. म्हणून संध्याकाळी चहा झाला की मी जुन्या कॅलेंडरचं पान घेऊन बसायची नि विचारायची. "अप्पा, आज काय?" अप्पा म्हणायचे, "चहा एक. विडीचं बंडल." "छोटी, आज काय?" "पेन्सिल. आठ आणे." मी लिहायची. झालं, आमच्या घरातलं दिवसाचं बोलणं एवढंच. मग भिंतीपलीकडची खटाखट. दुसऱ्या दिवशी क्लासला जाऊन आकडे भरायचे. महिनाअखेरीला सर छापून द्यायचे. त्या छपाईचा आवाज लूमसारखाच, जरा बारीक. दोन्ही कडांना भोकं असलेला कागद निघायचा. तो मी कपाटाच्या दारावर बाहेरून चिकटवला. पहिल्या महिन्यात दोनशे कमी पडले होते. दुसऱ्यात साठ. तिसऱ्यात अप्पांच्या हातात आले सतराशे आणि खर्च सोळाशे पन्नास. पन्नास रुपये उरले. अप्पांनी कागदाजवळ जाऊन तो आकडा पाहिला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटतं, ठेवला. नीट आठवत नाही.

त्याच आठवड्यात शुक्रवारी आत्या आली. अप्पांची थोरली बहीण, पडघ्याच्या पुढं गावात राहायची. पोटी मूलबाळ नाही, नवरा शेतावर. ती दारातच बोलायला लागायची नि जाईपर्यंत थांबायची नाही. डोक्यावर तांदळाचं गाठोडं, हातात सुकटीची पिशवी. "गो सुमन, केवडी वाळलीस गो! आनि ह्ये घर हाय का दवाखाना? कुनी बोलत न्हाय का काय?" पाणी पिऊन तिनं सरळ विषयाला हात घातला. "भाऊ, मी छोटीला नेतंय. पोरीला धाप, इथं ही तूस. सुमन शिकंल का हिला बघंल? माझ्याकं मोकली हवा हाय, शेळीचं दूध हाय, साळा हाय."

अप्पा खाली बघत राहिले. त्यांना द्यायची नव्हती, हे मला दिसत होतं. पण नाही म्हणायला तोंड उघडावं लागतं. मग मी उठले. मला काहीतरी करून दाखवायचं होतं. छोटी जायला नको, हे त्या दिवसांत मला पक्कं ठाऊक असलेलं एकच काम होतं. मी कपाटावरचा कागद काढून आत्यापुढं धरला.

"आत्या, हे बघा. मी हिशोब बसवलाय. पन्नास उरतात. कुणाला कुठं जायची गरज नाही."

आत्याला वाचता येत नव्हतं. तिनं कागदाची भोकं चाचपली. "ह्यात छोटी कुठं हाय?"

"ही इथं. हा तिचा रकाना."

"बरा हाय. आनि डोईला तेल कोन लावतंय पोरीच्या? ते कुठल्या रकान्यात?"

तेवढ्यात मागून छोटी म्हणाली, "माझं सगळ्यात जास्त आहे."

आम्ही तिघंही वळलो. ती भांड्यांच्या फळीशी उभी होती. चौथीत होती, बेरीज-वजाबाकी नुकती पक्की झालेली. चार दिवस कपाटाच्या दारासमोरून येताजाता तिनं तो कागद वाचला होता, पाठ केला होता. "अप्पांचं पाचशे चाळीस. ताईचं चारशे अठ्ठ्याण्णव. माझं सहाशे बारा." मग ती अप्पांना म्हणाली, "मी आत्याकडे जाते. म्हणजे सहाशे बासष्ट उरतील."

"कोण म्हणालं तुला असं?" अप्पांचा आवाज फाटला.

"कागदावर आहे."

शुक्रवार होता, पलीकडे लूम बंद. आत्यानं कागदावरचं बोट काढून घेतलं. मी तेव्हा काय करायला हवं होतं, हे आज मला कुणीही विचारावं, मी दहा गोष्टी सांगेन. तिला जवळ ओढायचं, कागद फाडायचा, निदान 'अगं वेडे' म्हणायचं. मी काय केलं ते सांगते. मी मनातल्या मनात बेरीज करून पाहिली. सहाशे बारा नि पन्नास. तिचं बरोबर आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. दोन फ्रॉक, दप्तर, धापेच्या गोळ्या. अप्पा ड्युटीवर गेले होते, मुद्दामच लवकर. नाक्यापर्यंत मी सोडायला गेले. शेअर रिक्षात आत्या तिला बाहेरचा रस्ता दाखवत काहीतरी सांगत होती नि छोटी तिच्या तोंडाकडं बघत होती. रडली नाही. मीही नाही. रिक्षा गेली तशी मी जिना चढून क्लासला गेले. वेळेच्या आधी पोचले होते.

त्या महिन्यात भय्याला म्हटलं, "आज से आधा दूध." त्यानं अर्धं ओतलं. दुपारी अप्पा आले, चहा टाकला, तर दूध संपलेलं. काळा चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी कुणी पाहुणा आला, त्यालाही काळा. चार दिवसांनी मीच भय्याला म्हटलं, "पहले जितना ही दो." महिनाअखेरीला क्लासमध्ये बसले, छोटीचा रकाना रिकामा, आणि हातात दुधाचा आकडा. तो कुठं घालायचा? पडद्यावरचा चौकोन लुकलुकत राहिला. जवळपास तेवढंच दूध, जवळपास तेवढेच पैसे, आणि पिणारी घरात नाही. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं की त्या पातेल्यातून छोटी सकाळी एक पेला प्यायची, बाकी सगळं आमच्या दोघांच्या, आल्यागेल्याच्या चहात जायचं. नुसतं नाव तिचं.

मी जुना तक्ता उघडला नि दूध जसं खरं जात होतं तसं वाटून घातलं. मशिनीला क्षणही लागला नाही. सहाशे बाराचे चारशे बत्तीस झाले. तिघांत सगळ्यात कमी तिचं होतं.

"सर, मेरे से एक गलती हो गई."

"तो ठीक कर लो," सर म्हणाले, "मशीन इसी के लिए है."

मी नवा कागद छापून घरी नेला आणि अप्पांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, परत वाचला. "मग आता?"

"आणू या तिला."

"वर्ष पुरं होऊ दे. शाळा मध्येच कशी तोडायची?" मे महिन्यात ते स्वतः गेले आणि दोन दिवसांनी एकटेच आले. छोटीला धाप लागत नव्हती. ती शेळ्यांमागं धावत होती, हाय-न्हाय बोलत होती, आणि राहते म्हणाली. अप्पा एवढंच सांगून चहा मागून प्यायले. ती सुट्टीला यायची, दिवाळीला, बुद्धपौर्णिमेला. वाढली मात्र तिकडंच. पुढं शिकली, तिकडच्याच एका शाळेत बाई झाली, मुलंबाळं झाली. अप्पा गेले, आत्या गेली. मी हिशोबाच्या कामावर कितीतरी कारखान्यांत नोकऱ्या केल्या. एकाही तक्त्यात माझी चूक निघाली नाही. दुधाचं मी तिला कधी सांगितलं नाही. काय सांगणार? तुला एका चुकलेल्या आकड्यानं घर सोडायला लावलं, असं?

हे प्रकरण लिहायला घेतलं तेव्हा वाटलं, आता सांगायलाच हवं. कागदावर सगळ्यांना सांगायचं नि तिला नाही, हे काही बरं नव्हे. ती गेल्या महिन्यात राहायला आली होती. मी शेंगा निवडत निवडत सगळं सांगून टाकलं. दुधाचं, सहाशे बाराचं, चारशे बत्तीसचं. आकडे मला अजून तोंडपाठ. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, मला माहीत होतं की," ती म्हणाली. "तू क्लासला असलीस की अप्पांचा दुपारचा चहा मीच करायचे. पातेल्यातलं दूध कुठं जातं ते मला नाही कळणार?"

"मग गेलीस कशाला?"

ती शेंगा मोडत राहिली. "तू संध्याकाळी विचारायचीस बघ, छोटी, आज काय? बरेचदा मी काहीच घेतलेलं नसायचं. तरी मी म्हणायचे पेन्सिल, नाहीतर खोडरबर. काहीच नाही म्हटलं असतं, तर तू नुसतीच मान खाली घालून पुढं लिहिलं असतंस. तेवढं एकच तर बोलायचीस तू माझ्याशी. आणि आत्या..." ती हसली. "आत्या काय गं, दगडाशीपण बोलायची."

मी हातातली शेंग ताटात टाकली. आणि तोंडातून काय निघावं? "किती वेळा सांगितलंस असं खोटं?"

"बघ," ती म्हणाली, "अजून तेच विचारतेस."

मी ताट बाजूला सरकवलं. मग म्हटलं, "बरं, तिकडं गेल्यावर पहिल्या दिवशी आत्या काय बोलली तुझ्याशी, ते सांग." छोटी सांगायला लागली, आणि मी ते कुठंही न लिहिता ऐकत बसले.